खाऱ्या पाण्यातला मेंढा

माझ्या हॉलमध्ये समुद्र आहे आणि त्यात एकच मासा आहे. पाहुणे येतात, सोफ्यावर टेकतात, काचेकडे बघतात आणि न चुकता विचारतात, "एवढ्या मोठ्या पेटीत एकच?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. चहा घेऊन बायको येते आणि म्हणते, "यांना विचारू नका, नाहीतर तुम्हाला जेवायलाच थांबावं लागेल."

तरी मी सांगतोच. मला हा मासा नको होता. मला लायनफिश हवा होता.

कंपनीने एकदा ट्रेनिंगला चेन्नईला पाठवलं होतं. तिथल्या हॉटेलच्या लॉबीत मी तो पहिल्यांदा पाहिला. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, आणि चारी बाजूंनी पिसांसारखे उघडलेले पंख. त्या पंखांच्या काट्यांत विष असतं, त्यामुळे त्याला कुणाची भीती नाही आणि कसली घाई नाही. लग्नात मानाच्या पाहुण्याने मांडवातून चालावं तसा तो पाण्यातून चालला होता. बाकीचे लोक जेवायला गेले, मी तिथेच उभा राहिलो. परत आल्यावर घरी सांगितलं, मला हे हवं. बायको म्हणाली, "गोल्डफिश घ्या की. डॉक्टरांच्या दवाखान्यात असतात तसे." मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

माझं काम चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग तपासण्याचं. एक भाग दुसऱ्यात नीट बसतो की नाही, एवढंच दिवसभर बघायचं. मला वाटलं, माशांचंही असंच असणार. तोडीस तोड तीन-चार शिकारी मासे निवडायचे, जे एकमेकांना गिळणार नाहीत, कुरतडणार नाहीत, आणि काम झालं.

सोपं नव्हतं. शिकारी माशांचा हिशोब तोंडावरून करतात. ज्याच्या तोंडात जो मावतो तो त्याचा घास, मग तो केवढ्याला आणला होता हे मासा विचारत नाही. म्हणजे सगळे साधारण एका मापाचे हवेत. पण मापावर भागत नाही, स्वभाव बघावा लागतो. लायनफिश संथ असतो. त्याच्या सोबतीला हावरा मासा दिला तर हा पंगतीला येईपर्यंत पानं उचललेली असतात. त्याचे पंख लांब, म्हणून कुरतडायची सवय असलेला कुणी नको. ईल चालते, म्हणजे आपली समुद्रातली वाम. ती दगडाच्या कपारीत तोंड बाहेर काढून पडून राहते, तिला धड दिसत नाही, ती वासावर जेवते आणि कुणाच्या अध्यात नसते. ग्रुपर चालतो, पण तो लहान आहे तोवरच. पुढे त्याचं तोंड कढईएवढं होतं आणि कालचे शेजारी त्याला भाजीसारखे दिसायला लागतात. ट्रिगर नावाचा एक दातवाला मासा असतो. तोही लायनफिशसोबत राहतो म्हणणारे लोक आहेत. त्या लोकांच्या घरी जाऊन मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भांडखोर मासा शेवटी सोडायचा. जो आधी येतो तो टँकचा मालक होतो. हे मला माहीत होतं. इंटरनेटवरच्या प्रत्येक व्हिडिओत पहिल्या दोन मिनिटांत हेच सांगतात. आणि नेमकं हेच माझ्या घरात उलटं झालं.

त्यासाठी आबांबद्दल सांगावं लागेल. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही सोयगावकडची मेंढरांची माणसं. मी शिकून शहरात आलो, आबा मेंढरांमागेच राहिले. आई गेल्यावरही राहिले. मग गुडघ्यांनी साथ सोडली. कळप चुलतभावाच्या ताब्यात गेला आणि दिवाळीनंतर आबा काठी, घोंगडी आणि कमरेची भंडाऱ्याची पिशवी घेऊन माझ्या फ्लॅटमध्ये आले. आतल्या खोलीत त्यांचा जीव घुसमटायचा, म्हणून हॉलमध्ये खाट टाकली. खाटेसमोर माझा टँक होता.

टँकमध्ये तेव्हा नुसतं पाणी होतं. खारं पाणी मासे सोडण्याआधी काही आठवडे मुरवावं लागतं. आबा खाटेवर बसून त्या रिकाम्या पाण्याकडे बघत राहायचे.

"ह्याच्यात काय हाय?"

"अजून काही नाही."

"मंग दिवा कशाला लावला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण आबांना देण्यासारखं नव्हतं. बायको स्वयंपाकघरात हसत होती. तिचा या टँकवर आधीपासून राग. आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही त्याची मर्जी असली तर. मधल्या दिवसांत ड्रम, हंडे आणि टँकरवर भागवायचं. अशा घरात पाण्याची एवढी मोठी काचेची पेटी ठेवायची, त्यात मुद्दाम मीठ घालायचं, आणि ते पाणी ना पिता येतं ना सांडता येतं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ती रोज म्हणायची हे चुकीचं होतं.

पाणी मुरलं आणि मासे यायला लागले. आले आणि मरायला लागले. पहिला छोटा ग्रुपर मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये थर्माकोलच्या खोक्यातून आला, आणि बसचा प्रवास काही त्याला सोसला नाही. मग वाम आणली. ती झाकणाच्या ज्या भोकातून वायर जाते त्यातून बाहेर पडली आणि सकाळी सोफ्यामागे बायकोच्या झाडूला लागली. त्या दिवशी घरात जो आरडाओरडा झाला त्याने खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. पफर नावाचा एक गोल डोळ्यांचा मासा आणला, त्याने अन्नाला तोंडच लावलं नाही. कोळंबी दे, माकूळ दे, शिंपले फोडून दे, तो नुसता माझ्याकडे बघायचा आणि बारीक होत जायचा.

माझ्या सकाळी नासल्या होत्या. उठलो की आधी टँकपाशी जायचं, कोण मेलं ते बघायचं, जाळीने काढायचं, पाणी तपासायचं, खारटपणा मोजायचा, सगळं बरोबर यायचं, म्हणजे आणखी राग यायचा. चुकलं कुठे हे कळलं असतं तर निदान चूक सुधारली असती. एवढ्यात कंपनीच्या बसची वेळ व्हायची आणि मी पोहे तसेच टाकून पळायचो.

आबा खाटेवरून विचारायचे, "आज काय गेलं?"

पावसाळ्यात कोकरं दगावायची तेव्हा ते आईला याच आवाजात विचारायचे. मला त्या प्रश्नाची चीड यायची. जणू काही जाणं ठरलेलंच आहे, फक्त नाव विचारायचं बाकी.

एका रविवारी लायनफिश आलाय का बघायला मी औरंगपुऱ्यात निघालो. तिथे एका बोळात माशांचं दुकान आहे, एका बाजूला शाळेची दप्तरं टांगलेली असतात आणि दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. आबा म्हणाले, मी बी येतो. स्कूटरवर मागे बसून, काठी आडवी धरून, अर्ध्या शहरातल्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खात ते आले.

लायनफिश आला नव्हता. मी परत निघणार तेवढ्यात आबा एका टँकसमोर थांबले. आत ट्रिगर होता. चपटं अंग, डोळे कपाळाच्या वर, तोंडावर निळ्या-पिवळ्या रेघा ओढलेल्या, आणि चेहरा असा की आपण त्याच्या घरात न विचारता शिरलोय.

"ह्याला हात लावून दाखवा," आबा दुकानदाराला म्हणाले.

दुकानदाराने हात नाही लावला, जाळी घातली. ट्रिगर पळाला नाही. तो वळला, जाळीवर चालून आला आणि तिचा एक दोरा तोडून गेला.

"हे घे," आबा मला म्हणाले.

आमच्यात जनावर असंच घेतात. बाजारात मेंढराच्या पाठीवर हात दाबायचा. जे दबतं ते सोडून द्यायचं. जे अंग झाडतं, मान फिरवून बघतं, ते घ्यायचं. गुपचूप उभं राहणारं जनावर आजारी तरी असतं नाहीतर म्हातारं. दुकानदार मला म्हणाला, "साब, इसकू पैले नक्को डालो. दुसरे मच्छी आने दो, ये सबके बाद में." मला काय ते माहीत नव्हतं? मी ते त्यालाच शिकवू शकलो असतो. पण मीही त्याच बाजारात लहानाचा मोठा झालो. किती दिवस मेलेले मासे काढून माझा हात विटला होता, आणि समोर एक मासा होता जो मरणाऱ्यातला दिसत नव्हता. डोकं नाही म्हणत होतं, हात पिशवी धरायला पुढे गेला.

ट्रिगर जगला. नुसता जगला नाही, त्याने घर ताब्यात घेतलं. मी तासन्‌तास खपून रचलेले दगड त्याने डोक्याने ढकलून पाडले. तोंडाने पाण्याची पिचकारी मारून वाळूत खड्डे केले. हीटरची वायर चावायला लागला म्हणून ती पाईपमधून न्यावी लागली. रात्री एका कपारीत शिरायचा, पाठीवरचा काटा उभा करून आतून अडसर लावायचा आणि आडवा होऊन झोपायचा. कुणी जवळ गेलं की घुर्रर्र असा आवाज काढायचा. काचेतून तो स्पष्ट ऐकू यायचा.

तो आवाज पहिल्यांदा ऐकला आणि आबा हसले. माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच.

"मेंढा हाय ह्यो," ते म्हणाले. "बघ की, टकरा कसा मारायलाय."

मग त्यांचा दिवस मेंढ्याभोवती फिरायला लागला. खाट काचेजवळ सरकली. त्याला खायला घातल्याशिवाय ते स्वतः ताटावर बसेनात, कारण जनावर उपाशी ठेवून माणसानं जेवायचं नसतं. चिमट्यात कोळंबी धरायची, तो झडप घालायचा, आबा म्हणायचे, "हळू रं, कोन न्यायलंय तुझं." एप्रिलमध्ये पाणी तापायला लागलं तेव्हा मी कूलरचं तोंड खाटेवरून टँककडे फिरवलं. म्हटलं आता बोलतील. आबा म्हणाले, "राहू दे. त्याच्या अंगावर लोकर नाय, त्याला सोसत नाय ऊन." लोकर असती तर जास्त उकडलं असतं, हे मी बोललो नाही.

याच काळात दुसरा एक वैताग सुरू झाला. टँकला स्किमर नावाचं यंत्र असतं. ते पाण्यात बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर वर काढतं आणि एका पेल्यात जमा करतं. हा पेला रविवारी किंवा सोमवारी अचानक भरून उतू जायचा. पिवळा फेस फरशीवर. फिल्टरचा पांढरा कापूस पिवळा. मी मीठ बदललं. कोळंबी धुऊन घालायला लागलो. शेवटी टँकरवाल्याला फोन करून झापलं की तुझं पाणी पिवळं आहे. तो म्हणाला, "साहेब, त्याच पाण्यानं अख्खी सोसायटी आंघोळ करायलीय. कोनी पिवळं झालं का?" मी फोन ठेवला आणि परत फरशी पुसली.

आणि मग लायनफिश आला.

मी सगळं पुस्तकात असतं तसं केलं. दगड नव्याने रचले, म्हणजे ट्रिगरला आपली हद्द कळू नये. ट्रिगरला आधी पोटभर खायला घातलं. दिवे मालवले. लायनफिशला पिशवीतून सोडलं तेव्हा त्याने पंख उघडले आणि त्या चेन्नईच्या लॉबीतल्यासारखा माझ्या हॉलमधून चालत गेला. मी बायकोला हाक मारली. तीही बघत राहिली. म्हणाली, "आहे खरं सुंदर." एवढ्या दिवसांत तिने टँकबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. दोन दिवस घरात शांतता होती. मी कंपनीत लोकांना फोटो दाखवत सुटलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर लायनफिश कोपऱ्यात होता. पंखांच्या चिंध्या झाल्या होत्या, नुसत्या काड्या उरल्या होत्या. ट्रिगर समोर शिंपले उलथे करत होता, काही झालंच नाही असा. मी बायकोची भाजीची जाळीदार टोपली पाण्यात लटकवली आणि लायनफिशला तिच्यात ठेवलं. तो त्या टोपलीतच मेला. मला रडूबिडू आलं नाही. मला एवढा राग आला की त्या ट्रिगरला बेसनात घोळवून तळावं असं वाटलं.

आबा म्हणाले, "नवं आलेलं मान खाली घालंना, मंग मार खातंयच की."

"आबा, तो मासा आहे. त्याला मान नसते."

"मंग तर आनखीच मार."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

ठरवलं. ट्रिगर जाईल. मी दुकानदाराला सांगितलं, तो आनंदाने तयार झाला. त्याच्याकडे एक लायनफिश आणि एक वाम कितीतरी दिवस एकाच टँकमध्ये राहत होते. मी स्वतः जाऊन बघितलं. लायनफिश वरून तरंगत होता, खाली कपारीतून वामीचं ठिपकेदार तोंड बाहेर आलेलं, आणि दोघांत काहीही तंटा नाही. "साब, एक थाली में खातेत," तो म्हणाला. म्हणजे मी ज्याच्यासाठी एवढे दिवस डोकं आपटत होतो ती जोडी तिथे आयती जुळलेली होती. फक्त जालना रोडवरच्या एका दातांच्या डॉक्टरांनाही ती दवाखान्यात हवी होती. दुकानदार म्हणाला, रविवार दुपारपर्यंत तुम्ही ट्रिगर आणून द्या, जोडी तुमची. नाहीतर ती डॉक्टरांकडे जाणार.

रविवारी सकाळी मी बाह्या सरसावल्या. ट्रिगरला पकडणं म्हणजे टँक रिकामा करणं. तो दगडात शिरून काट्याचा अडसर लावतो, मग त्याला ओढलं तर तो तुटेल पण निघणार नाही. म्हणून अर्धं पाणी नळीने घरातल्या ड्रमांत उतरवलं आणि एकेक दगड बाहेर काढायला लागलो. नेमका तो नळाचा दिवस. बायको दर पाच मिनिटांनी डोकावून विचारत होती, "ड्रम कधी रिकामे होणार? नळ आला तर पाणी कशात भरू, तुमच्या डोक्यावर?" आबा आंघोळ करून कपाळाला भंडारा लावत होते. खाटेपाशी आले आणि थांबले.

"काय करायलास?"

"ट्रिगर काढायलोय. द्यायचाय परत."

"कोनाला?"

"दुकानदाराला. बदल्यात दोन मासे मिळायलेत. लायनफिश आन् वाम."

"ते द्यायचं नाय."

मला वाटलं लळा लागलाय म्हणून म्हणतात. मी हात पाण्यात घातला होता, खांद्यापर्यंत. शेवटच्या दगडाच्या कपारीत ट्रिगर बसला होता आणि माझ्या बोटांशी घुरघुरत होता. मी तसाच म्हणालो, "आबा, त्याच्यामुळं दुसरं काही जगत नाही. तुम्ही बघितलं ना? नवीन वाम येईल, तिला घाला खायला. तुम्हाला आवडेल."

"आवडायचा काय सवाल हाय. ते सोडलेलं हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी डोळे मिटून घेतले.

आमच्यात नवस बोलतात तेव्हा एखादा मेंढा देवाच्या नावाने सोडतात. त्याला भंडारा लावला की तो देवाचा. मग तो विकत नाहीत, कापत नाहीत, कुणाला देत नाहीत. तो मातून जातो, बाकीच्या मेंढ्यांना टकरा देतो, लोकांच्या ज्वारीत शिरतो, तरी कुणी काठी उगारत नाही, उलट हात जोडतात. म्हातारा होऊन आपल्या मरणाने मरतो. लहानपणी असा एक आमच्या कळपात होता, त्याने मला दोनदा ओढ्यात लोटलं होतं. मी रडत आलो तर आबांनी आधी त्याच्या पाया पडायला लावलं.

"आबा," मी म्हणालो, "मासा कुणी देवाला सोडतं का?"

"जनावर हाय का नाय?"

"आणि भंडारा? माशाला भंडारा कुठं लावला तुम्ही?"

आबांनी कमरेच्या पिशवीला हात लावला. "चिमूटभर टाकतो पान्यात. रविवारी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो पिवळा फेस. तो कापूस. ती मिठाची बादली मी फेकून दिली होती, त्या टँकरवाल्याला काय काय बोललो होतो. मी ओरडलो. पाण्यातला हात तसाच ठेवून ओरडलो. म्हणालो, हे माझं घर आहे की देऊळ, या पाण्याचा एकेक थेंब मी मोजून तयार करतो आणि तुम्ही त्यात हळद टाकता, एका माशासाठी मी एवढे दिवस जीव काढला, आणि तुम्हाला देवाला द्यायला हाच मारका मासा सापडला. एवढं बोलून बायकोकडे वळलो, म्हटलं, बघ, बघ हे.

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "पिशवीतला भंडारा संपला होता. मीच हळद भरून दिली." आणि मग हळूच, "मला वाटलं, कपाळाला लावतात."

आता ओरडायलाही कुणी उरलं नाही.

"कशाचा नवस?" मी विचारलं. "गुडघ्यांचा? गावाकडं जायचंय तुम्हाला? इथं राहायचं नाही, असंच ना?"

आबा खाटेवर बसले. माझ्याकडे न बघता काचेकडे बघत बोलले.

"तुझ्या पेटीत काय टिकंना. रोज सकाळी तू मेलेलं काढायचा आन् तसाच उपाशी कामाला जायचा. ताट झाकलेलं ऱ्हायचं इथं माझ्यासमोर. मला बघवंना. मी काय करनार हितं बसून? मी देवाला मनलं, ह्याच्या हातचं एक तरी जनावर जगू दे. जे जगंल ते तुझं." त्यांनी कपारीकडे बोट केलं. "मंग हे जगलं."

स्वयंपाकघरातल्या नळाला सूं सूं करत हवा आली, म्हणजे पाणी येणार होतं. बायको हलली नाही.

मी हात बाहेर काढला. दगड एकेक करून परत ठेवले, ड्रममधलं खारं पाणी परत ओतलं. बायकोने नळी धरली. मग दुकानदाराला फोन केला आणि सांगितलं की जोडी डॉक्टरांना देऊन टाका. तो म्हणाला, "सोच लो साब, ऐसी जोडी फिर नै मिलती." मी म्हणालो, माहीत आहे. कारण सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

दुपारी जेवताना आबा खुशीत होते. कोळंबी चारून झाली होती. म्हणाले, "एक बोलू का? त्याला एकट्याला करमत नसंल. एखादं जोडीला आण की."

मी घास ताटात ठेवला. "आबा, तो कुणाला जगू देत नाही."

"बघ की एखादं त्याच्या तोलाचं. तुला तर सगळं कळतंय त्यातलं."

तेव्हापासून मी तेच बघतोय. देवाला सोडलेल्या ट्रिगरसोबत नांदेल असा मासा. त्याच्यापेक्षा मोठा, अंगाने जाड, पंख आखूड, कुरतडला तरी फरक न पडणारा, खायला चपळ, आणि तरीही मनाने शांत. असा मासा समुद्रात असेलही, औरंगपुऱ्यात मिळत नाही. लायनफिश दातांच्या डॉक्टरांकडे आहे. तिथे तो बरा आहे असं ऐकलं. मी अजून तिकडे गेलेलो नाही, दाढ दुखते तरी.

मध्ये एकदा आबांनी विचारलं, "किती वरीस जगतंय हे?"

"नीट सांभाळला तर पंधरा वर्षं तरी."

ट्रिगर शिंपला उलथा करत होता.

"मंग माझ्यापरीस जास्त," ते म्हणाले. "माझ्यामागं इकशील?"

मला तो मासा आवडत नाही. हे मी आजही कुणालाही सांगेन. त्याने माझा लायनफिश मारला, माझे दगड पाडले, माझा हॉल एका तोंडाळ मेंढ्याचा गोठा करून टाकला. मी म्हणालो, "पाण्यात भंडारा टाकायचा नाही. एवढं ऐका. काचेला लावा, बाहेरून."

"मी इचारलं काय?"

"नाही विकणार."

आबांनी कमरेची पिशवी सोडली आणि माझ्यापुढे धरली. माझा अंगठा खाऱ्या पाण्याने ओला होता, त्याला भंडारा गच्च चिकटला. मी काचेवर टिळा लावला. आतून ट्रिगर लगेच त्यावर टक्कर मारायला आला.

दर रविवारी मी काच पुसतो. सगळी पुसतो, तेवढी जागा सोडून. टिळा फिका पडलेला असेल आणि आबा झोपलेले असतील, तर त्यांची पिशवी उघडून मीच तो परत गडद करतो.